‘जमत नाही’ सांगायची सोय

ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या चार माजी अधिकाऱ्यांना डिझेल घोटाळ्यात दोषी ठरवलं. दोघांना तुरुंगवास झाला, दोघांची शिक्षा स्थगित राहिली. घोटाळा उघडकीला येऊन तोवर साडेनऊ वर्षं उलटून गेली होती. बातमी आली तेव्हा आमच्या चाकण-भोसरी पट्ट्यातल्या मंडळींत, टपरीवरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत, जुनाच वाद नव्याने रंगला आणि तो ऐकून मला मनस्वी त्रास झाला. एक बाजू म्हणते, चार लबाड माणसं होती, सापडली, विषय संपला. दुसरी म्हणते, नियमच इतके अवास्तव केले तर माणूस पळवाट काढणारच. बावीस वर्षं गुणवत्ता विभागात काढलेला माणूस म्हणून मला या दोन्ही भूमिका सोयीच्या वाटतात. पहिलीला कंपनीकडे बघायचं नाही, दुसरीला माणसाकडे. माझं म्हणणं असं आहे की अशी फसवणूक तिथेच रुजते जिथे खालच्या माणसाला ‘साहेब, हे जमत नाही’ एवढं वाक्य वर पोचवायची सोय राहिलेली नसते. ती सोय कायद्याने, नोकरीच्या संरक्षणासकट करून दिली नाही, तर कितीही दंड ठोका आणि कितीही जणांना आत टाका, पुढचा घोटाळा होतच राहणार.

मुळात झालं काय होतं? अमेरिकेत डिझेल गाड्या विकायच्या, तर नायट्रोजन ऑक्साइडची तिथली मर्यादा युरोपपेक्षा पुष्कळच कडक. डिझेल इंजिनात ज्वलनाचं तापमान चढलं की हा वायू वाढतो; ते खाली ठेवलं की काजळी वाढते आणि फिल्टर लवकर चोंदतो. दोन्ही सांभाळायचं तर युरियाची टाकी किंवा महागडा कॅटॅलिस्ट लागतो. म्हणजे जागा गेली, पैसा गेला, शिवाय टाकी भरायची कटकट ग्राहकाच्या गळ्यात. २००६ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या अभियंत्यांना कळून चुकलं की ग्राहकाला हवी तशी गाडी आणि अमेरिकेची मर्यादा ही दोन्ही गणितं ‘ईए १८९’ इंजिनात एकत्र सुटत नाहीत. तेव्हा त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरलाच परीक्षा ओळखायला शिकवलं. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, वेग ठरल्या सेकंदाला ठरल्याप्रमाणेच कमीजास्त होतोय, म्हणजे गाडी प्रयोगशाळेत रोलरवर आहे. इथे नियम पाळायचे. रस्त्यावर उतरल्यावर याच गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत वायू सोडत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या. कंपनीत या करामतीला ‘अकूस्टिक फंक्शन’ म्हणत, म्हणजे आवाजाशी संबंधित काहीतरी. हे नाव ऑडीकडून, म्हणजे फोक्सवॅगनच्याच समूहातल्या कंपनीकडून आलेलं. या नावापाशी मी अनेकदा थबकलो आहे. एखाद्या गोष्टीला आपल्याच खोलीत, आपल्याच माणसांत दुसऱ्या नावाने हाक मारावी लागते, तेव्हा ती काय आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखाने, मायकेल हॉर्न यांनी, तिथल्या संसदीय समितीसमोर सांगितलं की हे एकदोन सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काम आहे. ज्याने कारखान्यात एक दिवस काढलाय त्याला हे पटेल का? आमच्याकडे साधा वॉशर बदलायचा तरी ड्रॉइंगवर चार जणांच्या सह्या लागतात. इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधली गोष्ट कॅलिब्रेशनकडून मान्यता विभागाकडे जाते, तिथून परवान्याच्या अर्जात, तिथून दरवर्षीच्या नव्या मॉडेलमध्ये. २००९ ते २०१५ इतकी मॉडेल-वर्षं, अनेक ब्रँड, इतक्या माणसांच्या डोळ्यांखालून गेलेली गोष्ट एकदोघांच्या माथी मारणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं.

मग एवढ्या सगळ्यांची तोंडं कशाने बंद झाली? याचं उत्तर वोल्फ्सबुर्गच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयाच्या कारभारात आहे. अमेरिकी वाहन उद्योगातले जुने अधिकारी बॉब लट्झ यांनी एक प्रसंग सांगितला आहे. गाडीच्या दारांच्या फटी इतक्या अचूक कशा जमल्या, असं त्यांनी फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएश यांना विचारलं. पिएश म्हणाले, मी सगळ्या संबंधितांना खोलीत बोलावलं, सहा आठवडे दिले आणि सांगितलं की तुमची नावं माझ्याकडे आहेत, फटी सुधारल्या नाहीत तर तुम्हा सगळ्यांच्या जागी दुसरे येतील. पिएश यांच्याच तालमीत वाढलेले मार्टिन विंटरकोर्न २००७ मध्ये प्रमुख झाले आणि २०१८ पर्यंत जगातली सर्वांत मोठी वाहन कंपनी व्हायचं लक्ष्य ठरलं. २०११ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनातली त्यांची एक चित्रफीत आहे. विंटरकोर्न ह्युंदाईच्या गाडीत बसतात, स्टिअरिंग वरखाली करतात, खट्ट असा आवाज येत नाही. लगेच आपल्या डिझाइनरला बोलावतात: बीएमडब्ल्यूला जमत नाही, आपल्याला जमत नाही, मग याला कसं जमतं? भोवतीच्या माणसांचे चेहरे बघावेत. शाळेत नाव पुकारल्यावर उभं राहणाऱ्या पोरांसारखे ते आहेत.

इथे एक गोष्ट मनापासून मान्य करतो. याच काटेकोरपणातून त्या गाड्या उत्तम झाल्या. बारीकसारीक गोष्टीवर जीव टाकणारा साहेब असल्याशिवाय चांगला माल निघत नाही, आणि ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या साहेबाने आपल्याकडे किती कारखाने बुडवलेत ते मी पाहिलं आहे. पण पत्र्याची फट धाकाने बुजते, कारण तिथे उपाय होता, फक्त कष्ट अपुरे पडत होते. ज्वलनाचं रसायन कुणाच्या धाकाला बधत नाही. कष्टाचा प्रश्न आणि निसर्गनियमाचा प्रश्न यांतला फरक साहेबाला सांगणारं माणूस लागतं. नावं लिहून घेणाऱ्या साहेबाला ते कोण सांगणार?

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. ‘संस्कृती, संस्कृती’ करत बसलात तर प्रत्येक चोर तिच्या आड लपेल. सज्ञान, शिकलेला, भरपूर पगार घेणारा माणूस आहे. त्याने नकार का दिला नाही? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. जेम्स लियांग या अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची, ऑलिव्हर श्मिट या अधिकाऱ्याला ७ वर्षांची शिक्षा झाली, ती योग्यच होती. पण शिक्षेची वाटणी बघा. ऑडीचे माजी प्रमुख रुपर्ट स्टाडलर यांना २०२३ मध्ये स्थगित शिक्षा आणि ११ लाख युरो भरायचा आदेश मिळाला. विंटरकोर्न यांनी आपल्याला काही माहीत नव्हतं असंच कायम सांगितलं. कंपनीशी १ कोटी १२ लाख युरोंची तडजोड केली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला त्यांचा खटला प्रकृतीमुळे थांबला. त्यांच्या अपराधाचा निवाडा मी करणार नाही, ते काम न्यायालयाचं. मला कायद्यातली उणीव दाखवायची आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे वरच्या माणसाचं चिलखत झालं, की त्याला काहीही न कळू देणं ही खालच्या माणसाची सेवा ठरते. मग जो सांगतो तो घातक आणि जो गप्प बसतो तो निष्ठावंत. ज्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं हे चाललं त्याला ‘तुला कळलं होतं का’ यासोबत ‘तुला कळू नये अशी व्यवस्था कशी झाली’ हाही प्रश्न शपथेवर विचारता आला पाहिजे आणि त्याचं उत्तर देता आलं नाही तर तोही गुन्हा धरला पाहिजे. लियांगची जबाबदारी त्याने एका पैशानेही कमी होत नाही.

हे फक्त जर्मन हेकटपणाचं प्रकरण आहे असं वाटत असेल त्यांनी जनरल मोटर्सकडे बघावं. तिथे आरडाओरडा करणारा साहेब नव्हता. काही गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने इंजिन बंद पडायचं आणि त्यासोबत एअरबॅगही निकामी व्हायची. कंपनीच्याच भरपाई निधीने यात १२४ मृत्यू मान्य केले. बदललेला स्विच गुपचूप बसवला गेला, पण त्याचा पार्ट नंबर जुनाच ठेवला, त्यामुळे नंतर शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना की जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक काय. २०१४ च्या चौकशी अहवालात तिथल्या बैठकांचं वर्णन आहे: सगळे मान डोलवतात, काम कुणीच करत नाही, हात छातीवर आडवे बांधून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याहून भयंकर मला वाटतं ते २००८ चं एक प्रशिक्षण. कर्मचाऱ्यांनी लेखी काय लिहू नये याची ६९ शब्दांची यादीच त्यात होती. ‘डिफेक्ट’ लिहू नका, ‘डिझाइननुसार काम करत नाही’ लिहा. ‘प्रॉब्लेम’ऐवजी ‘विषय’ किंवा ‘बाब’. ज्या कंपनीने ‘दोष’ हा शब्द लिहायला बंदी केली, तिथे दोष वर कसा पोचणार?

नियमच अशक्य होते, या दुसऱ्या बाजूच्या मुद्द्यातही तथ्य आहे असं क्षणभर धरू. प्रयोगशाळेत पास आणि रस्त्यावर नापास ही युरोपातल्या बहुतेक डिझेल गाड्यांची गत होती, आणि तिथल्या सरकारांना ते माहीत असूनही त्यांनी डोळेझाक केली, हेही खरं. पण ‘अशक्य’ हा शब्द इतिहासात फार वेळा वापरून झालाय. १९७० च्या अमेरिकी कायद्यावेळी डेट्रॉइटच्या कंपन्या हेच म्हणत होत्या. तेव्हा लहानशा होंडाने सीव्हीसीसी इंजिन बनवलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय मर्यादा गाठली आणि वर तेच तंत्र एका अवाढव्य शेव्हरोले इंपालाच्या इंजिनावर चालवून दाखवलं. फोक्सवॅगनच्या बाबतीत तर इतकं लांब जायलाही नको. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्या छोट्या पथकाने हा घोटाळा पकडला, त्यांनी तीन गाड्या घेतल्या होत्या. जेटा आणि पसाट रस्त्यावर सपशेल नापास. तिसरी, बीएमडब्ल्यूची एक्स ५, बहुतेक वेळ मर्यादेत. म्हणजे जमत होतं, पैसे खर्चून जमत होतं.

याच पथकाच्या कामातून तिसराही एक गैरसमज दूर होतो, की हा सगळा जर्मन उद्योग पाडायचा अमेरिकी डाव होता. ज्या संस्थेने हा अभ्यास सोपवला तिला उलट दाखवायचं होतं की कडक नियमांमुळे अमेरिकेतलं डिझेल कसं स्वच्छ आहे, म्हणजे युरोपला धडा घेता येईल. अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पण्णा आणि मार्क बेश हे तरुण संशोधक डिकीत यंत्रं ठासून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर गाड्या चालवत होते आणि आकडे जुळेनात म्हणून आधी आपल्याच यंत्रांवर संशय घेत होते. आणि कावाच म्हणायचा तर १९९८ मध्ये याच चलाखीसाठी कॅटरपिलर, कमिन्स, मॅक असे अमेरिकेतलेच ट्रक-इंजिनवाले कसे अडकले? खुद्द फोक्सवॅगनला १९७४ मध्ये अशाच कारणासाठी १ लाख २० हजार डॉलर भरावे लागले होते. ४० वर्षांपूर्वीचा धडा कंपनीच्या स्मरणात राहिला नाही, कारण तो धडा फक्त पैशात दिला होता.

आणि जपान? जिथे साहेब आवाजही चढवत नाही? डिसेंबर २०२३ मध्ये दाइहात्सूवर, म्हणजे टोयोटाच्या उपकंपनीवर नेमलेल्या त्रयस्थ समितीने ६४ मॉडेलांमध्ये १७४ गैरप्रकार नोंदवले. एअरबॅग सेन्सरने उघडायची ती चाचणीत टायमर लावून उघडवली होती. सर्वांत जुना प्रकार १९८९ चा. समितीने बोट ठेवलं ते आवळलेल्या वेळापत्रकावर: नवी गाडी ठरल्या तारखेला बाजारात यायचीच, चाचणीत नापास व्हायला कॅलेंडरमध्ये जागाच ठेवलेली नव्हती. तारखेच्या या हट्टाची किंमत पुणेकरांना वेगळी सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते पहिल्याच पावसाळ्यात, काम अपुरं असताना पाणी अडवल्यामुळे.

आपल्याकडची उदाहरणं तर आपण विसरूनच गेलो आहोत. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार शेव्हरोले टवेरा परत बोलावल्या. तपासणीला पाठवायच्या गाड्यांत निवडून निवडून कमी धूर सोडणारी इंजिनं बसवली जात होती. वीसपंचवीस माणसांना घरी बसवलं, सरकारी समितीने स्वच्छ शब्दांत याला कंपनीने केलेली फसवणूक म्हटलं. सॉफ्टवेअरची गरजही पडली नाही, पाना पुरला. फोक्सवॅगन प्रकरणातही आपल्या एआरएआयने, म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेने, रस्त्यावर चाचण्या घेतल्या, कंपनीने भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीला बोलावल्या आणि राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला. कंपनीचा बचाव होता की भारतात रस्त्यावरच्या उत्सर्जनाला तेव्हा मर्यादाच नव्हती. तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता, आणि दुखणं तिथेच आहे.

मी हे दूरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका पुरवठादार कंपनीत होतो. दुसऱ्या दिवशी कस्टमर ऑडिट, रात्री साडेनऊला लॉट डिस्पॅचला उभा. डिप्लोमा झालेला, कंत्राटावरचा मुलगा बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन, घेऊन माझ्याकडे आला. ड्रॉइंगवर कमाल १२.०२ मिलिमीटर, त्याला पाचपैकी दोन पीस १२.०३ लागत होते. मोजायच्या मायक्रोमीटरवरच्या एका रेघेएवढा फरक. त्याने विचारलं, “सर, काय लिहू?” डेव्हिएशन, म्हणजे मापात सूट, मागायचं तर प्लँट हेडना फोन करावा लागणार होता आणि त्याच आठवड्यात लाइन थांबवली म्हणून एका सुपरवायझरला सगळ्यांसमोर झालेलं बोलणं मी ऐकलं होतं. मी त्याला म्हणालो, १२.०२ लिही. तो भाग सुरक्षेचा नव्हता, त्यामुळे कुणाला इजा झाली नसणार. पण त्या मुलाने त्यानंतर मला कधीच रीडिंग विचारलं नाही. तो स्वतःच १२.०२ लिहायला लागला. मला कुणी धमकी दिली नव्हती, लाच दिली नव्हती. मी फक्त फोन करायला घाबरलो, आणि माझी ती भीती एका रात्रीत त्याची कार्यपद्धत झाली. लियांगला शिक्षा योग्यच होती असं वर लिहिताना मला स्वतःची ती रात्र आठवत होती.

उपाय काय, तर थोडं झालं आहे. १ एप्रिल २०२३ पासून बीएस ६ च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या गाड्यांची रस्त्यावर, यंत्र लावून चाचणी सक्तीची झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात उत्पादकाला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आली. पण तुम्ही आम्ही डिझेल गाडीचं पीयूसी काढतो तेव्हा नळी घालून धुराचा काळेपणा तेवढा मोजला जातो. ज्या नायट्रोजन ऑक्साइडवरून एवढं रामायण झालं तो तिथे मोजतच नाहीत. आणि यंत्रं कितीही आणली तरी आतली गोष्ट आतल्याच माणसाला आधी कळते.

त्या माणसासाठी काय आहे? दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईत गुणवत्तेचं काम करणारे अभियंता किम ग्वांग-हो यांनी २०१६ मध्ये इंजिनांतले दोष लपवले जात असल्याचं अमेरिकी वाहन सुरक्षा खात्याला कळवलं. कंपनीने त्यांना कामावरून काढलं आणि कागदपत्रं बाहेर नेल्याचा ठपका ठेवला. पण अमेरिकेत २०१५ मध्ये वाहन उद्योगातल्या जागल्यांसाठी, म्हणजे आतला गैरप्रकार बाहेर सांगणाऱ्यांसाठी, खास कायदा झाला होता. त्याखाली नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. जर्मनीनेही आपल्या घोटाळ्यानंतर का होईना, २०२३ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा लागू केला. यावर आमचे कारखानदार मित्र म्हणतात, अशाने नाराज झालेला प्रत्येक जण तक्रारी करत सुटेल, धंदा कसा करायचा? ही भीती अनाठायी नाही. सूड म्हणून केलेल्या तक्रारी मीही पाहिल्यात. पण अमेरिकी कायद्यात दंड १० लाख डॉलरच्या वर वसूल झाला तरच, त्याच्या १० ते ३० टक्के रक्कम मिळते. खोट्या तक्रारीला छदामही नाही. चाळणी लावता येते, इच्छा हवी.

आपल्याकडे २०१४ चा जागले संरक्षण कायदा संसदेने मंजूर केला आणि तो अंमलात आणलाच नाही. आणला असता तरी तो सरकारी सेवकांच्या गैरकारभारापुरता आहे. कंपनी कायद्यात तक्रार यंत्रणा आहे ती शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही मोठ्या कंपन्यांना, आणि तीही कंपनीच्याच हातात. माझी मागणी सरळ आहे. वाहनाचा कुठलाही भाग बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यातला माणूस, कायम असो की कंत्राटी, मापात किंवा चाचणीत खोटेपणा दिसला तर बाहेरच्या स्वतंत्र संस्थेला कळवू शकेल; कळवल्यावर त्याला काढलं तर का काढलं हे मालकाला सिद्ध करावं लागेल; आणि त्याच्या तक्रारीवरून झालेल्या दंडाचा वाटा त्याला मिळेल. चाकणमध्ये बोअर गेज हातात घेऊन रात्री साडेनऊला उभ्या असलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये आज एकच नंबर आहे, आणि तो माझ्यासारख्याचा आहे.